लाकूड कुणी नेलं

लाकूड व्यापारी महासंघाच्या कचेरीत त्यांना सगळे आकडेबाई म्हणत. देशात बाहेरून किती लाकूड आलं, कुठल्या जंगलातलं आलं, ओंडके किती आणि चिरलेल्या फळ्या किती, हे त्यांच्याइतकं तोंडपाठ कुणाला नव्हतं. खरं सांगायचं तर तशी गरजही कुणाला नव्हती. वर्षाकाठी एक जाडजूड अहवाल निघायचा आणि सभासद तो दुकानात वजनकाट्याखाली ठेवायचे. बाईंना त्याचं काही वाटायचं नाही. काटा तरी सरळ राहतो, असं त्या म्हणायच्या.

त्या वर्षी सचिवांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. शेजारच्या देशातल्या व्यापाऱ्यांबरोबर एकत्र बैठक ठरली होती, आणि ती तिकडेच होणार होती.

"बाई, तीस वर्षांची तुलना करा," सचिव म्हणाले. "आपल्याकडे कठीण लाकूड किती आलं आणि त्यांच्याकडे किती. नुसत्या दोन रेघा. आपली खाली जाणारी, त्यांची वर जाणारी. आपल्या तोंडचा घास कुणी पळवला ते बघताक्षणी कळलं पाहिजे."

"आकडे सांगतील तसं काढते, साहेब."

"आकड्यांचं काय घेऊन बसलात! पोपट असतात ते. पढवू तसे बोलतात."

एरवी बाई हसल्या असत्या. पण हा विषय त्यांच्या घरातलाच होता आणि घरात त्यावर वीस वर्षं कुणी हसलं नव्हतं.

बाईंच्या वडिलांची, अप्पांची, बंदराच्या मागच्या रस्त्यावर लाकूड कापायची गिरणी होती. अप्पांनी स्वतःच्या हातानं उभारलेली. धक्क्यावर जहाज लागलं की ओंडके थेट गिरणीच्या अंगणात यायचे. साग यायचा, शिवाय एक तांबूस, दगडासारखं जड लाकूड यायचं, त्याला सगळे नुसतं 'तांबडं' म्हणत. ते कापताना आऱ्याचा आवाजच बदलायचा. बाई लहानपणी अभ्यास करता करता सांगायच्या, आज साग लागलाय, आज तांबडं. त्यांच्याहून मोठा भाऊ, दादा, शाळा सुटली की सरळ आऱ्याशी. आई म्हणायची, ह्याच्या दप्तरात पुस्तकं कमी आणि भुसाच जास्त. पुढं दादा इतका तयार झाला, की ओंडक्यावर नुसता हात फिरवून त्यातून किती फळ्या निघतील ते सांगायचा. अप्पा तोंडावर कधी त्याचं कौतुक करत नसत. पाठीमागं मात्र गावभर करत.

मग जहाजं कमी झाली. आधी महिन्याला दोन यायची त्याचं एक झालं, मग तेही कधीतरी. अप्पा रोज सकाळी धक्क्यावर जायचे आणि परत येऊन म्हणायचे, "पुढच्या महिन्यात येतंय." शेजारच्या देशात मात्र गिरण्यांवर गिरण्या निघत होत्या, दिवसरात्र आरे चालत होते. तिकडच्या सरकारनं लाकडावरची जकात उतरवली होती. बाजारात ज्याच्यात्याच्या तोंडी एकच वाक्य होतं: आपलं लाकूड त्यांनी नेलं.

दादा अप्पांना म्हणाला, "अप्पा, आपणही तिकडं जाऊ. आरा उचलू, माणसं घेऊ आणि जाऊ."

"गिरणी म्हणजे काय बिऱ्हाड आहे, पाठीवर टाकलं आणि निघालं?"

"लाकूड आहे तिथं गिरणी, अप्पा. लाकूडच नसेल तर ही नुसती शेड आहे."

त्या एका वाक्यानं सगळं बिनसलं. वर्षभरात दादा निघून गेला. सोबत वहिनी होत्या आणि गिरणीतले पाच चांगले कारागीर होते. मुलगा गेला हे अप्पांनी कदाचित गिळलं असतं. माणसं नेली, ते त्यांना गिळता आलं नाही. त्यांनी गिरणीचं दार लावून घेतलं आणि येईल त्याला सांगायला लागले, "माझ्या पोरानंच नेलं लाकूड." सगळी जहाजं दादानं एकट्यानं खिशात घालून नेली होती जणू. आई गेली तेव्हा दादा रातोरात प्रवास करून आला. अप्पा फाटकात आडवे उभे राहिले. दादा रस्त्याच्या पलीकडं एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. आईला नेलं तेव्हा लोकांच्या मागून चालत आला, आणि तसाच परत गेला.

बाईंचं लग्न झालं नाही. ठरत आलं होतं ते आईच्या दुखण्यात राहून गेलं, आणि मग घरात अप्पांपाशी कुणीतरी हवंच होतं. दादाचा विषय घरात निघत नसे. वर्षातून दोनदा बाई कचेरीतून त्याला फोन करायच्या. "चिमे, अप्पा कसे आहेत?" एवढं तो विचारायचा, आणि "रागावलेले आहेत" एवढं त्या सांगायच्या. मग दोघं थोडं हसायची. गेल्या वर्षी मात्र दोन्ही वेळा फोन वहिनींनीच घेतला होता. "ते बाहेर गेलेत, वन्सं." बाईंना वाटलं, कंटाळला असेल. माणूस किती वर्षं तेच ते विचारेल?

तुलनेचं काम हाती घेतलं तेव्हा बाईंनी ठरवलं, आपलं घर बाजूला ठेवायचं. त्यांनी तीस वर्षांचे आकडे देशवार आणि जंगलवार लावले. सगळे जण नुसती बेरीज बघत आले होते. कुठून आलं ते बघण्याच्या फंदात कुणी पडलं नव्हतं, अगदी बाईसुद्धा नाही. मनात उत्तर आधीच ठरलेलं असलं की माणूस प्रश्न विचारत नाही.

रेघा उमटल्या आणि बाई खुर्चीत मागं टेकल्या. त्यांच्या देशाची रेघ शेजाऱ्यांची वर चढायच्या चार वर्षं आधीच घसरायला लागली होती. ज्या जंगलांतून इकडचं लाकूड यायचं त्या देशानं कच्चे ओंडके बाहेर पाठवणंच बंद केलं होतं. जंगल उजाड झालं होतं, दुसरं काय करणार? शेजाऱ्यांकडे गेलं ते लाकूड भलत्याच जंगलातलं होतं, दुसऱ्या बाजूच्या समुद्रावरून आलेलं. इकडच्या वाट्याची एक फळीसुद्धा तिकडं गेली नव्हती. आणि पुढं त्यांचीही रेघ तशीच कोसळली होती, इकडच्याहून जोरात. शेवटच्या काही वर्षांत दोन्ही रेघा कागदाच्या तळाशी शेजारीशेजारी पडून होत्या.

रविवारी सकाळी बाईंनी मोठ्या अक्षरांत छापलेले कागद एकमेकांना चिकटवले आणि अप्पांसमोर पलंगावर पसरले. अप्पांची पंच्याऐंशी उलटली होती. डोळे अधू झाले होते, पण कान आणि जीभ शाबूत होती.

"हे काय? माझी कुंडली?"

"लाकडाची आहे, अप्पा. नीट बघा. ही निळी आपली, ही लाल त्यांची." बाईंनी त्यांचं बोट धरून रेघेवरून फिरवलं. "आपली इथं पडायला लागली. त्यांची इथं चढली. चार वर्षांनी. तोवर दादा इथंच होता, तुमच्याजवळ. लाकूड त्यानं नेलं नाही, अप्पा. कुणीच नेलं नाही. ते संपलं."

अप्पांचं बोट कागदावर तसंच राहिलं. बाई वाट बघत होत्या. आता ते कागद भिरकावतील, नाहीतर म्हणतील, तुमच्या कचेरीतली गाढवं काहीही छापतात.

"मला माहीत होतं," अप्पा म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"ओंडके बंद झालेत ते. धक्क्यावरच्या कप्तानानं सांगितलं होतं मला. म्हणाला, आता विसरा, तिकडं डोंगर बोडके झालेत."

"केव्हा?"

"तुझा दादा जायच्या पुष्कळ आधी."

"मग अप्पा, आईच्या वेळीसुद्धा..."

"कुणावर तरी रागवायला हवं होतं, पोरी," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "समुद्रावर किती दिवस रागावणार? तो काही उत्तर देत नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढलं. काढत राहिलो. मग सवय झाली."

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. त्यांना अप्पांचा इतका राग आला होता, की पुन्हा समोर जायची भीती वाटली. वीस वर्षं! आई त्या फाटकाकडं बघत बघत गेली. आपणही ह्या माणसाचा राग सांभाळत म्हाताऱ्या झालो, आणि त्या रागात आत काहीच नव्हतं. बऱ्याच वेळानं बाहेरून हाक आली. अप्पा पलंगाच्या कडेला काठी धरून बसले होते.

"तू बैठकीला जाणार आहेस ना तिकडं? माझंही तिकीट काढ."

"दादाला फोन लावू का आधी?"

"नको. फोनवर तो 'येऊ नका' म्हणाला तर मला जायला तोंड राहणार नाही. दारात उभा राहिलो तर निदान बघेल तरी."

गाडीत अप्पा खिडकीशी ताठ बसून होते. कपाटातला जुना कोट त्यांनी बाहेर काढला होता. तो आता खांद्यावरून उतरत होता. मधूनच ते काहीतरी पुटपुटायचे आणि मान हलवायचे. बोलायचं काय ते ठरवताहेत हे बाईंना कळत होतं. एकदा ते म्हणाले, "त्याची गिरणी बघायची आहे मला. आरा कसा लावलाय ते बघतो. डाव्या अंगाला जरा ढिला ठेवायची सवय होती त्याला." आणि स्वतःशीच हसले. किती वर्षांनी हसले होते कोण जाणे.

दादाचं घर एका लांबलचक गल्लीत दुसऱ्या मजल्यावर होतं. दार वहिनींनी उघडलं. आधी त्यांना बाई दिसल्या आणि मग बाईंच्या मागं जिन्याच्या कठड्याला धरून धापा टाकणारे अप्पा दिसले. वहिनींचा हात तोंडावर गेला.

"सूनबाई," अप्पा म्हणाले, "आत येऊ का?"

वहिनी बाजूला झाल्या, पण हलक्या आवाजात बाईंना म्हणाल्या, "वन्सं, त्यांनी शपथ घातली होती हो. कळवायचं नाही म्हणून."

आतल्या खोलीत दादा उशांना टेकून बसला होता. चेहऱ्याचा अर्धा भाग पट्टीखाली होता. नाकाच्या आतल्या पोकळीत गाठ झाली होती, ती काढताना नाकाची एक बाजू आणि टाळूचा तुकडा गेला होता. वर्षानुवर्षं कठीण लाकडाचा बारीक भुसा नाकात गेला की असं होतं काही जणांना, असं डॉक्टर म्हणाले होते. गाठ पुन्हा आली होती आणि आता काढण्यासारखी राहिली नव्हती. हे सगळं बाईंना वहिनींनी नंतर सांगितलं. त्या क्षणी त्यांना फक्त दादाचा एक डोळा दिसला, अप्पांवर खिळलेला.

अप्पा दारात थबकले. गाडीभर घोकलेलं सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून पुसलं गेलं. मग ते काठी टेकत पुढं गेले, पलंगावर दादाच्या अगदी जवळ बसले आणि त्याचा हात हातात घेऊन उताणा केला. तळव्यावर घट्टे होते, तसेच, जुने.

"लाकूड तू नेलं नव्हतंस," अप्पा म्हणाले. "मला तेव्हाही माहीत होतं."

दादाचे शब्द नीट फुटत नसत, नाकातून वारा जायचा. वहिनी पुढं सरसावल्या, पण त्यानं त्यांना हातानं थांबवलं आणि सावकाश एकेक शब्द काढला.

"मला पण, अप्पा. धक्क्यावर सगळ्यांना माहीत होतं."

"मग तू बोलला का नाहीस?"

"वाट बघत होतो. तुम्ही सांगाल. मला एकट्याला तरी."

अप्पांची मान खाली गेली. "सांगितलं असतं तर गेला नसतास?"

दादा विचारात पडल्यासारखा दिसला. मग त्याच्या पट्टीबाहेरच्या गालावर हसू आलं. "गेलो असतो. पण सांगून गेलो असतो. माणसं ठेवून गेलो असतो."

अप्पा रडले. बाईंनी त्यांना आईच्या वेळीही रडताना बघितलं नव्हतं. ते मोठ्यानं रडले, लहान मुलासारखं, आणि दादा त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसला. वहिनी आणि बाई बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या. एकमेकींकडं बघायचा धीर दोघींनाही होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. बाईंनी पडद्यावर त्या दोन रेघा दाखवल्या आणि जे होतं ते वाचून दाखवलं. त्यांचा आवाज मध्येच एकदा अडकला, पण लोकांना वाटलं, माईक बिघडला. सचिवांनी कपाळाला हात लावला. समोरच्या बाजूचे अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे आता भांडायलासुद्धा काही उरलं नाही म्हणायचं!" सगळे हसले. मग चहा आला. कुणीतरी प्लायवुडच्या भावाचा विषय काढला आणि बैठक त्यावर संध्याकाळपर्यंत चालली. बाई मधेच उठून दादाकडं गेल्या.

अप्पा तिथून हलायला तयार नव्हते. बाईंनी रजा वाढवून घेतली. दादाला पाणी चमच्यानं पाजावं लागे. ते काम अप्पांनी मागून घेतलं. हात कापायचा, अर्धं पाणी दादाच्या गळ्यावर सांडायचं. वहिनी म्हणायच्या, "द्या मी पाजते." दादा डोळ्यानं नको म्हणायचा. दुपारी बापलेक बोलत बसायचे, म्हणजे बोलायचे अप्पाच. दादाची गिरणी चारपाच वर्षांपूर्वीच बंद झाली होती, आरा भंगारात गेला होता. तरी अप्पा त्याला विचारायचे, पाती कुठून आणायचास, ओला ओंडका कसा ठेवायचास, तांबडं कधी मिळालं का? शेवटच्या प्रश्नावर दादानं एक बोट वर केलं.

"एकदा?"

दादानं मान हलवली. "एकच ओंडका," तो म्हणाला. "आवाज ऐकला. तुमची आठवण झाली."

नंतर त्याचं बोलणं थांबलं. दुखणं फार झालं, तेव्हा डॉक्टरांनी औषध वाढवलं आणि तो बहुतेक वेळ झोपूनच राहू लागला. एका दुपारी, अप्पा त्याच्या पायांवर पांघरूण सारखं करत असताना, त्याचा श्वास थांबला. अप्पांना लगेच कळलं नाही. ते दुसऱ्या पायावरचं पांघरूण ओढत म्हणाले, "गार पडलेत रे पाय तुझे." बाई दारातच होत्या. त्यांनी येऊन अप्पांचा हात धरला.

दादाबरोबर गेलेल्या पाच कारागिरांपैकी तिघं हयात होते. तिघंही आले, म्हातारे, एकाच्या हाताला दोन बोटं कमी. अप्पांना बघून ते जिन्यातच घुटमळले. वीस वर्षांपूर्वी मालकाला पाठ दाखवून गेलेली माणसं होती ती. अप्पा दरवाज्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "या. आत या. तुम्हीच त्याला सांभाळलंत." त्यांच्यातला सर्वांत थोराड माणूस त्यांच्या पायांशी वाकला, आणि तिथून त्याला उठवायला दोघं जण लागले.

सगळं आटोपल्यावर बाईंनी परतीची तिकिटं काढायचं बोलून दाखवलं. अप्पा वहिनींच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसले होते.

"तुझं काढ," ते म्हणाले. "मी राहतो."

"अप्पा, वहिनींना विचारलंत का?"

"तिनंच विचारलं मला. तिला आता एकटीला घर खायला उठतं. आणि त्याला मी इतकी वर्षं एकटं ठेवलं. आता जरा थांबतो इथं."

बाईंना पटकन वाटलं, आणि मी? मला कुणी किती वर्षं एकटं ठेवलं? पण ते त्यांनी ओठावर येऊ दिलं नाही. अप्पांनीच त्यांच्याकडं बघितलं आणि नजर वळवली. "तुझ्यावर तर सगळ्यात जास्त अन्याय केला, पोरी," ते म्हणाले. "पण तो फेडायला मी पुरणार नाही. तू जा. मोकळी हो जरा." बाईंनी त्यांच्या औषधांच्या वेळा कागदावर लिहून वहिनींना दिल्या, त्यांचा कोट उसवला होता तिथं दोन टाके घातले आणि निघाल्या. स्टेशनवर सोडायला वहिनी आल्या होत्या. गाडी हलली तरी त्या खिडकीचा गज सोडेनात.

घरी पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. बाईंनी पिशवी खाली ठेवून किल्ली काढली. शेजारचं दार उघडलं. तिथं अलीकडंच राहायला आलेली एक तरुण बाई होती, तिला ह्या घरातलं मागचंपुढचं काही ठाऊक नव्हतं.

"आलात? पुष्कळ दिवस लागले. आणि आजोबा कुठं आहेत?"

बाईंची किल्ली कुलपात तशीच राहिली.

"दादाकडं राहिलेत," त्या म्हणाल्या.

"बरं झालं. ह्या वयात मुलाकडंच बरं वाटतं," शेजारीण म्हणाली. "थांबा, तुमचं दूध घेऊन ठेवलंय, आणते."

ती आत गेली. बाईंनी दार उघडलं, पिशवी उचलली आणि दूध यायची वाट बघत उंबऱ्यात उभ्या राहिल्या.